मांजरपाटाची झोळी

अकोला,
दिनांक २२ सप्टेंबर १९५७

गोदावरी वसंत बोरगावकर,

पूर्ण नावाने तुला हाक मारण्याची ही माझी दुसरी वेळ आहे. पहिली वेळ लग्नातली. तुझ्या मावश्यांनी दार अडवून उखाण्याचा हट्ट धरला होता तेव्हाची. त्यानंतरची सव्वीस वर्षे 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावर आपले सुरळीत चालले. जूनपासून ज्या ज्या कागदावर तुझे नाव आले, त्यामागे लोकांनी 'कै.' लावले. मी ते लावलेले नाही, हे तुझ्या ध्यानात आलेच असेल.

दुःख सांगण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि पुनरुक्ती मला वर्गातही खपत नाही. मी एक उपक्रम हाती घेतला आहे, त्याची माहिती तुला द्यावी एवढाच हेतू. मी एक झोळी करीत आहे. भिक्षेकऱ्याची नव्हे, निजण्याची. दोन झाडांमध्ये टांगता येईल आणि प्रौढ माणसाला रात्रभर तीत निजता येईल, अशी.

पलंगावर मला झोप येत नाही. जमिनीवर सतरंजी टाकून पाहिली, तर कंबर धरते. स्टेशन रोडवर लष्कराचा उरलेला माल विकणारे जे दुकान आहे, तेथे युद्धातली एक टांगती झोळी पाहिली. हिरवे कापड, वर छत, बाजूंना मच्छरदाणी शिवलेली. ब्रह्मदेशाच्या जंगलात शिपाई अशा झोळ्यांत निजत, असे दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून मी तिची मापे डोळ्यांनी घेतली आणि बाहेर पडलो. दोन पन्ह्यांच्या जोडणीपुरता मांजरपाट मी गिरणीच्या तुकड्यांच्या दुकानातून आणला. दोर घरात होता. झाडाची साल कापू नये म्हणून अडगळीतल्या पलंगाची नवार काढून तिच्या पट्ट्या केल्या. शिवण तुझ्या यंत्रावर घातली. सुया तीन मोडल्या. क्षमस्व.

विषय कसा निघाला, हे सांगणे आवश्यक नाही. भाजीवाली मैनाबाई त्या दुपारी आली होती. तिच्याशी बोलण्यात निघाला, एवढे पुरे.

आता अपयशाचा भाग. झोळीचे एक टोक मागच्या अंगणातल्या निंबाला बांधले आणि दुसरे न्हाणीघराच्या भिंतीतल्या कडीला. दर रविवारी मी पलंगाची नवार आवळीत असे, त्याच शिस्तीने हीही आवळली. सैल खाट हे सैल घराचे लक्षण, असे आपण दोघेही मानीत आलो. कापड तबल्याच्या पुडीसारखे ताठ झाले. मी समाधानाने वर बसलो. भिंतीतली कडी चुन्यासकट निघाली आणि मी न्हाणीच्या पायरीपाशी पडलो. खांद्याला मार आहे, हाड शाबूत आहे. शेजारच्या शेषरावांनी गडग्यावरून डोकावून पाहिले, आरडाओरडा केला आणि मग, मला न विचारता, कोणाला तरी तारही केली.

मैनाबाई दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आली. तिने भिंतीतले भोक पाहिले, मग माझा खांदा पाहिला.

"मास्तर, हे बाजेवानी काहून ताणलं?"

"सपाट राहावी म्हणून."

"सपाट पायजे त बाजेवरच निजा ना! आमी कापूस येचाले जातो, लेकरू झाडाले टांगतो. थे असं ताणून टांगलं असतं त लेकरू भुईवर पडलं असतं अन् सासू आमच्या मानेवर. ढिली सोडा. केळ्यावानी वाकू द्या."

तिने माझ्या हातून दोर काढून घेतला. कापडाच्या टोकाच्या चुण्या गोळा केल्या, टोक उलटे दुमडले आणि त्यावर असा वेढा घातला की ओझे पडताच तो आवळावा आणि ओझे गेल्यावर एका झटक्यात सुटावा. ही गाठ मी कोणत्याही पुस्तकात पाहिलेली नाही.

"अन् सरळ नोका निजू. लेकरू पाहा, पाय कोन्यात टाकते. त्याले कोनी शिकवलं काय?"

ती गेल्यावर मी पाटी घेऊन बसलो. दोर आडवा ठेवून पाच अंशच वाकू दिला, तर प्रत्येक बाजूला माझ्या वजनाच्या जवळजवळ सहापट ओढ येते. तीस अंश वाकू दिला, तर बरोबर माझ्या वजनाइतकी. हा त्रिकोण मी वीस वर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. मैनाबाईस ही आकडेमोड दाखविली. ती म्हणाली, "हे आंदी केलं असतं त पडले नसते."

वसंत


अकोला,
दिनांक २ ऑक्टोबर १९५७

प्रिय गोदावरी,

तार तुझ्या भावाला आणि आपल्या लेकीला, दोघांनाही केली होती. उद्धवराव अमरावतीहून कोर्टाची तारीख सोडून आले, आणि त्यांच्या आधी अनुपमा नागपूरहून. काय झाले ते क्रमाने लिहितो.

अनुपमाने घरात बॅग ठेवली नाही. ती तशीच मागच्या अंगणात गेली. झोळी मी धुण्यासाठी सोडली होती. निंबाच्या फांदीला नुसता दोर लोंबत होता. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मी "प्रवास कसा झाला?" असे विचारले. तिने फांदीचा दोर सोडवून हातात घेतला.

उद्धवरावांनी मात्र वेळ दवडला नाही.

"वसंतराव, मी वकील आहे. मला फिरवू नका. हा दोर कशाचा?"

"झोळीचा."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या! सव्वीस वर्षांत तुम्हाला झोपाळ्यावर पाय हलवताना कोणी पाहिलेले नाही. चहा बशीत ओतला तर तुम्ही तोंड फिरवता. आणि आता तुम्ही स्वतःला झाडाला टांगून..."

ते तेथेच थांबले. आपण काय बोलून गेलो हे त्यांचे त्यांनाच कळले. मग मलाही कळले, की तारेत शेषरावांनी काय लिहिले असावे आणि हे दोघे कोणत्या भीतीने धावत आले.

मी गप्प राहिलो. ते माझे चुकले. पण ज्या गोष्टीचा आरोप कोणी शब्दांनी करीत नाही, तिचे खंडन कसे करावे, हे मला ठाऊक नाही.

रात्री जेवताना अनुपमा म्हणाली, "बाबा, नागपूरला सकाळी फाटकाशी सायकलची घंटा वाजली की मला वाटते, तारवाला आला. रोज वाटते. त्या दिवशी खरेच आला." तिने ताटावरून मान वर केली नाही. "तुम्ही इथे एकटे राहू नका. घराला कुलूप लावू. नोकरीचे काय ते पाहू. ह्यांनी तुमची खोलीसुद्धा रंगवायला काढली आहे."

रविकांतराव सज्जन आहेत. जावयाच्या घरी कायमचे राहणे लोकांना कसे दिसेल, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असे म्हणणार नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. नागपूरच्या त्या घरात तुझ्याविषयी सर्वजण आवाज खाली आणून बोलतील. येथे मैनाबाई रोज दारात उभी राहून म्हणते, "बाई असती त हे वांगे तोंडावर फेकून मारले असते." मला या घरातून जायचे नाही, गोदावरी. तेथे माझी काळजी घेतली जाईल आणि येथे मी राहीन, एवढाच फरक आहे. पण तो मला पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई आली. उद्धवरावांनी तिला ओसरीतच उभे करून उलटतपासणी घेतली.

"बाई, मास्तरांच्या झोळीबद्दल तुम्हाला काही माहिती आहे?"

"माहिती? म्याच शिकवली ना. यायले कुठी येत होती!"

"दोर आणला तेव्हा हे काय म्हणाले?"

"झोळी म्हनले."

"तुम्ही स्वतः ऐकले?"

"या कानानं."

"शपथेवर सांगाल?"

"साहेब, पयले हे मेथी घ्या दोन जुड्या, मंग शपथ घेतो."

उद्धवरावांनी मेथी घेतली. मग बराच वेळ ते ओसरीत येरझारा घालीत होते. शेवटी माझ्यासमोर येऊन म्हणाले, "ठीक आहे. झोळी आहे ना? मग तीत निजून दाखवा. अंगणात नव्हे, अंगणात कोणीही निजेल. जानेवारीत पातूरच्या पुढे, घाटातल्या जंगल खात्याच्या बंगल्यावर मी तुम्हाला नेतो. उघड्यावर, थंडीत, दवात, स्वतःच्या हातांनी केलेल्या सामानात एक रात्र काढा. तोपर्यंत शेषराव रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हाला हाक मारतील आणि तुम्ही ओ द्याल. सकाळी कोरडे आणि ऊबदार उठलात, तर तुम्ही स्वतःला सांभाळू शकता हे मी मान्य करीन. नाही तर घराला कुलूप, आणि तुम्ही नागपूरला."

अनुपमा म्हणाली, "मामा, हा काय खेळ आहे?"

"खेळ नाही, पोरी. ज्याला सकाळी ऊबदार उठायचे असते, तो माणूस मला हवा आहे."

त्यांनी कलमे घालून कागद केला. मी सही केली. अनुपमाने बऱ्याच वेळाने केली, आणि झोळीचा दोर माझ्या हातात दिला.

वसंत


अकोला,
दिनांक १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय गोदावरी,

प्रगती समाधानकारक आहे. 'समाधानकारक' हा शब्द मी मुलांच्या प्रगतिपुस्तकात फार जपून वापरतो, हे तू जाणतेस.

दोन्ही टोके आता झाडांना. एक निंब, दुसरे शेवग्याऐवजी चिंच. शेवगा दगा देतो हे शेषरावांनीच सांगितले. त्यांना तारेची लाज वाटत असावी, सकाळची हाक ते आता "मास्तर, चहा झाला का?" अशी मारतात. मैनाबाईची गाठ मला येते. गेल्या रविवारी दुपारी झोळी केळ्यासारखी वाकवून, तिरपा होऊन, पाय कोपऱ्यात टाकून मी निजलो. कापडाने मला धरले. कंबरेखाली कोठे टोचत नव्हते, मानेखाली कोठे पोकळी नव्हती. तिरपे निजले की वाकलेल्या कापडातही पाठ जवळपास सरळ राहते. का राहते ते मी नंतर कागदावर काढले, पण त्या क्षणी कागदाची आठवण झाली नाही. तासाभराने उठलो तेव्हा मी गुणगुणत होतो. शेषराव गडग्यापलीकडे होते. त्यांनी ऐकले नसावे अशी आशा आहे.

छताची हकीकत मात्र तुला सांगणे भाग आहे. दव अडवून धरील असे तेलकापड मला हवे होते. कापडाला तेल पाजून वाळवावे, हे तत्त्व मला माहीत होते. तेल कोणते, याचा विचार मी केला नाही. अकोल्यात राहून सरकीच्या तेलाखेरीज दुसरे कोणते तेल डोळ्यांसमोर येणार? दोन हात चढविले. आठ दिवस उन्हात ठेवले. कापड चिकटच. आणखी आठ दिवस; मुंग्या लागल्या. सरकीचे तेल पुरते वाळत नाही, हे मी प्रयोगाने सिद्ध केले. सतराव्या दिवशी शाळेतून आलो, तर शेषरावांची म्हैस दावे तोडून आपल्या अंगणात आली होती आणि छताचा एक कोपरा डोळे मिटून चघळीत होती. जिला जन्मभर सरकी खायला घातली, तिला याचा दोष देता येत नाही.

शेषराव धावत आले. "मास्तर, म्हशीले काई होईन काय हो?"

"आपल्या म्हशीला नाही. माझ्या छताला झाले आहे."

"बाप्पा! मी समजलो तुमी तिले वैरन टाकून राहिले."

नवे कापड घेतले आणि जवसाचे तेल. तेही दोन हात; प्रत्येक हात आठ आठ दिवस वाऱ्यावर पसरून, घडी न घालता, कारण जवसाच्या तेलाचे कापड ओले असताना घडी करून ठेवले तर आतून तापते. परवा त्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. मी आणखी एक तांब्या ओतला. गरज नव्हती.

मच्छरदाणी आपल्या पलंगाचीच बेतून घेतली. पलंगाला आता ती लागत नाही.

वसंत


अकोला,
दिनांक २२ डिसेंबर १९५७

प्रिय गोदावरी,

थंडीने मला हरविले होते, आणि मी थंडीला हरविले. आधी ते सांगतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी अंगणात पूर्ण रात्रीची परीक्षा घेतली. अंगावर दोन घोंगड्या होत्या. छाती गरम, पाय गरम, आणि पाठ मात्र हौदात बुडविल्यासारखी गार. खाली जाड दुलई अंथरली, तरीही गारच. पहाटे चार वाजता मी हरलेल्या माणसासारखा घरात आलो.

त्या दिवशी नववीच्या वर्गात उष्णतेचा धडा होता. ऊब कापसात नसते, कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते, हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि खडू तसाच हातात राहिला. पाठीखालच्या दुलईतली हवा माझ्याच वजनाने चेपून निघून जात होती! अंगाखालची दुलई अंगाने चेपता कामा नये. ती झोळीच्या आत नको. बाहेर हवी, खालून टांगलेली, झोळीला नुसती चिकटून. दुसरी झोळी, पहिलीच्या पोटाशी. वर्गाला मी अर्धा तास आधी सोडले. माझ्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग आहे.

कापूस तेल्हाऱ्याहून आणला, उद्धवरावांच्याच शेतातला. विरुद्ध पक्षाकडून साहित्य घेण्यास करारात मनाई नव्हती. पिंजाऱ्याकडून तो दोनदा पिंजून घेतला आणि सैल टाके घालून दुलई केली. काल रात्री अंगणात पाठ गरम होती. पहाटेपर्यंत गरम होती. हे मैनाबाईच्या गाठीइतकेच चांगले आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "खालून गोधडी? हे आमाले सुचलं नाई." गोदावरी, मला पदवीदान समारंभातही इतका आनंद झाला नव्हता.

आता दुसरी गोष्ट.

पहिल्या पत्रात 'दोर घरात होता' असे लिहिले आणि विषय कसा निघाला ते वगळले. तुझ्यापाशी काही वगळावे अशी सवय मला नाही, म्हणून लिहितो. दोर मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विकत आणला. दुकानदाराने "कायले पायजे?" असे विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते का नाही हे मला ठाऊक होते. घरी आलो. मागच्या अंगणात निंबाखाली उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही.

पुढचे दार मी उघडले नाही म्हणून मैनाबाई मागून आली. तिने माझ्याकडे पाहिले, हातातल्या दोराकडे पाहिले.

"मास्तर, दोर कायले?"

काहीतरी म्हणणे भाग होते. तिच्या सुनेचे लेकरू महिन्यापूर्वी तिने आपल्या ओसरीत झोळीत घालून आणले होते, तेच आठवले असावे. मी म्हणालो, "झोळी बांधायची आहे."

"कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

ती हसली नाही. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली. "झोळीले कापड लागते. कापड कुठी हाय?"

"आणायचे आहे."

"मंग जा, आना. मी बसतो इथी." आणि माझ्या हातून दोर घेऊन, त्याचे वेटोळे करून, ती त्या वेटोळ्यावर बसली.

मी गेलो. खोटे बोललेल्या माणसाला ते निभवावे लागते. आणि मला खोटे बोलण्याचा सराव नसल्याने मी ते फार काटेकोरपणे निभावले. स्टेशन रोडवरची झोळी मी त्या दिवशी पाहिली, ती मापे घेण्यासाठीच. मांजरपाट घेतला. दिवेलागणीला परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती. टोपलीतल्या पालेभाज्या मान टाकून बसल्या होत्या. दिवसाची सगळी विक्री तिने बुडविली होती.

"आता शिवा," ती म्हणाली, आणि उठली.

मी शिवू लागलो. शिवण वाकडी आली. ती उसवून सरळ करावीशी वाटली. मग माप चुकले, ते दुरुस्त करावेसे वाटले. एवढेच झाले, गोदावरी. त्याहून मोठे काही झाले नाही. पण ते रोज होत गेले.

या आठवड्यात मी मैनाबाईला विचारले, "तू उद्धवरावांना सांगितलेस ते अर्धेच खरे होते. का सांगितलेस?"

तिने मिरच्या निवडता निवडता मान वर केली. "मी कुठी खोटं बोलली? झोळीच झाली ना."

वसंत


पातूर घाटातील बंगला,
दिनांक १२ जानेवारी १९५८

प्रिय गोदावरी,

हे पत्र बंगल्याच्या व्हरांड्यात, उन्हात बसून लिहीत आहे.

काल दुपारी आम्ही तिघे येथे पोहोचलो. बंगल्याला तीन खोल्या आहेत. एक अनुपमाला, एक उद्धवरावांना. तिसरी माझ्या नावावर. चौकीदार देवमनने तिसऱ्या खोलीचे कुलूप लावून दोन किल्ल्यांचा जुडगा उद्धवरावांच्या सांगण्यावरून माझ्याच हातात दिला. "थंडी वाजली, भीती वाटली, पाठ धरली, तर दार उघडा आणि पलंगावर जाऊन निजा," उद्धवराव म्हणाले. "कोणी हसणार नाही. फक्त घराला कुलूप लागेल."

बंगल्यापासून शंभर पावलांवर दोन साग पाहून मी सामान मांडले. नवारीच्या पट्ट्या, दोर, झोळी, खाली दुलई, चारी बाजूंनी जाळी, वर तेलकापड. वीस मिनिटे लागली. देवमन गाठींकडे निरखून पाहत होता.

"साहेब, इथी बिबट येते कवाकवा."

"माणसांना त्रास देते का?"

"नाई. पानी पेते, जाते. पन वर टांगलेलं मानूस त्यानं अजून पाह्यलं नाई. काय समजीन मालूम नाई."

अनुपमाने त्याला चूप बसायला सांगितले, आणि तीन वेळा विचारले की मी आत येणार का. नऊ वाजता मी झोळीत शिरलो. शाळेतला तापमापक दोराला बांधला होता. तो शेहेचाळीस अंश फॅरनहाइट दाखवीत होता. पाठ गरम होती. तेलकापडावर दव टपटपत होते आणि आत येत नव्हते. खालच्या ओढ्याशी काहीतरी एकदा खोकल्यासारखे झाले. मी किल्ल्या चाचपल्या. मग मला वाटले, हे तुला सांगितले पाहिजे. आणि काय काय सांगायचे याचा क्रम मी लावू लागलो.

क्रम पुरा झाला नाही. मला पुढचे आठवत नाही.

पुढचे अनुपमाकडून कळले ते असे. ती सहाला चहा घेऊन आली. जाळीच्या आत मी कापड तोंडावरून पूर्ण ओढून घेतले होते. तिने हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. पेला तिच्या हातून पडला. उद्धवराव धोतर सावरीत पळत आले, देवमन त्यांच्यामागे. तिघेही झोळीभोवती उभे राहिले आणि कोणाचाही हात कापड उचलायला धजेना. मग उद्धवरावांनी कान जवळ नेला, आणि त्या घाटात ओरडले:

"घोरतोय! अनू, ऐक इकडे, तुझा बाप घोरतोय!"

मला त्यांनी उठविले नाही. मी आपोआप उठलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. पहाटे साडेचारला उठणारा माणूस, आणि साडेदहा तास! जूनपासून इतके तास सलग मी एकदाही झोपलो नव्हतो. डोळे उघडले तेव्हा अनुपमा खाली पालापाचोळ्यात बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, लहानपणी वर्गाच्या दाराशी माझी वाट पाहत बसायची तशी. तिने हात आत घालून माझ्या पाठीखालचे कापड चाचपले. कोरडे होते. पाठ चाचपली.

"गरम आहे," ती म्हणाली. आणि रडायला लागली. पण गोदावरी, ते रडणे मी ओळखतो. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ती असेच रडली होती.

घोरण्याबाबत तू सव्वीस वर्षे केलेली तक्रार मी सव्वीस वर्षे पुराव्याअभावी फेटाळली. आता तीन साक्षीदार आहेत. मी ती मान्य करतो आणि तुझी माफी मागतो.

उद्धवरावांनी खिशातून कराराचा कागद काढला, त्यावर 'पूर्तता झाली' असे लिहून सही केली, आणि मग, कोणी पाहत नाही असे समजून, झोळीत शिरले. पाय हवेत हलत होते.

"वसंतराव."

"बोला."

"फार छान आहे हो."

"आभारी आहे."

"आता उतरायचे कसे?"

"त्याचा करारात उल्लेख नाही," मी म्हणालो.

अनुपमा हसली. इतकी हसली की तिला सागाला धरून उभे राहावे लागले. देवमनही हसला. उद्धवराव आतून म्हणाले, "बहिणीने मला सांगितले नव्हते की हा माणूस विनोद करतो." तिलाही माहीत नव्हते, असे मी त्यांना सांगितले.

चहाच्या वेळी अनुपमा म्हणाली, "बाबा, मी उद्या एकटीच परत जाते. ह्यांना सांगते, त्या खोलीत अभ्यासाचे टेबल ठेवा." आणि थोड्या वेळाने, "पण मलाही एक शिवून द्या. मांजरपाट मी घेईन." उद्धवरावांनीही एकीची मागणी नोंदविली आहे; त्यांना जरा जाड कापड लागेल. मैनाबाईला मात्र मी न मागता देणार आहे. तिला ती नको असेल, तर तिच्या नातवाला दोन वर्षांनी होईल. गाठ तिची, दुलई माझी.

मी अकोल्याला परत जातो आहे. घर उघडे राहील. सायंकाळी शेषराव हाक मारतील, आणि मी ओ देईन.

बंगला सोडताना नोंदवहीत मी पुढील मजकूर लिहिला, तोच तुझ्यासाठी येथे उतरवून ठेवतो:

'दिनांक ११ व १२ जानेवारी १९५८. खोली क्रमांक तीन, वसंत बोरगावकर, अकोला, यांच्या नावे. खोली वापरली नाही. दार रात्रभर कुलूपबंद होते. सकाळी देवमनने पाहिले, कुलूप त्याने लावले होते तसेच होते. दोन्ही किल्ल्या त्याच्या हवाली केल्या.'